टेकाडावरचा सुळका

कुपी पडली तेव्हा खोलीत मी एकटाच होतो, आणि ती पडली हे माझ्याशिवाय कुणालाही ठाऊक नाही, अशी माझी पुढचे सात आठवडे ठाम समजूत होती.

कुपी अंगठ्याएवढी. आत काळी भुकटी. मी ताईंच्या टेबलाला टेकून उभा होतो. मला कशाला तरी टेकल्याशिवाय विचार करता येत नाही. (टेकूनही येत नाही, असं आमच्या घरातल्या मंडळींचं मत आहे.) माझं कोपर लागलं, कुपी आडवी झाली, गडगडत टेबलाच्या कडेपर्यंत गेली, तिथे मला पकडायची संधी द्यावी म्हणून असेल, पण क्षणभर थांबली आणि खाली गेली. फुटली असती तर बरं झालं असतं. काच फुटली की आवाज होतो, माणसं धावत येतात आणि खरं बोलण्यावाचून गत्यंतर उरत नाही. ही नुसतीच पडली. बूच निघालं आणि निम्म्याहून जास्त भुकटी फरशीवर पसरली.

मी घाबरलो. घाबरलेला माणूस चपळ होतो, आणि त्या चपळाईत अक्कल मागे राहते. दाराशेजारी खिळ्याला एक लहानसा झाडू टांगलेला होता. तो काढला, खिशातला जाड कागद सुपलीसारखा धरला, भुकटी गोळा केली, कुपीत भरली, बूच लावलं. राहिलेला काळा डाग रुमालाने पुसला आणि रुमाल खिशात कोंबला. पावलं वाजली तसा झाडू कपाटाच्या आड उभा केला. ताई आत आल्या तेव्हा कुपी होती तिथे होती आणि मी नव्याने टेकलो होतो.

"पंपाचं पाणी थांबलं होतं," ताई म्हणाल्या. "यंत्र तापलं असतं." मग त्यांची नजर खाली गेली. "बूट?"

"अरेच्चा! विसरलोच."

"दारावर एवढं मोठं लिहिलंय. लिहिणाऱ्यांना वाचता येत नसावं बहुतेक."

मी निमूटपणे बाहेर जाऊन बूट काढून आलो. संस्थेच्या फाटकाशी तेव्हा नवीन इमारतीचं काम चालू होतं, वाळूचे ढीग पडले होते आणि आम्ही सगळे ते तुडवतच आत येत होतो. हे मला माहीत होतं. वाळू म्हणजे काय हे मात्र माहीत नव्हतं.

आता मी तिथे कशाला कडमडलो होतो ते सांगतो. मी या संशोधन संस्थेच्या कार्यालयात लेखनिक. पत्रं लिहायची, बैठकांची इतिवृत्तं लिहायची, वार्षिक अहवालाची भाषा जरा सारवायची. शिवाय कुणी निवृत्त झालं की त्याच्यावर दोन पानांचा लेख लिहून निरोपाच्या दिवशी वाचून दाखवायचा, हे काम कुणी दिलेलं नसताना माझ्या गळ्यात पडलं आहे. आजवर बत्तीस जणांना मी असं निरोप देऊन वाटेला लावलं. त्यातला एकही जण प्रत्यक्षात माझ्या लेखातल्याइतका चांगला नव्हता. ताई दोन महिन्यांनी निवृत्त होणार होत्या, म्हणून मी वही घेऊन त्यांच्या खोलीत गेलो होतो.

त्या खोलीच्या दारावर 'क्ष-किरण विवर्तन' अशी पाटी आहे. हा शब्द मी अहवालांत निदान पन्नासदा लिहिला असेल. त्याचा अर्थ मला त्या दिवशी ताईंनी सांगितला, तोही माझं तोंड बघून.

"सिनेमाचं थेटर डोळ्यांपुढे आणा," त्या म्हणाल्या. कुपीतली भुकटी त्यांनी अकिकाच्या गुळगुळीत दगडी खलात घेतली होती आणि बोलता बोलता त्या ती घोटत होत्या. "आत खुर्च्या ओळीत. एका ठिकाणी उभं राहिलं की सरळ ओळी दिसतात, जरा सरकलं की तिरक्या ओळी दिसतात. किरणांचं तसंच. अणू ओळीत बसलेले असले, की ठरावीक कोनातच किरण एकजुटीने परत येतात. कागदावर सुळका उमटतो, सुईसारखा. आता सिनेमा सुटला. माणसं बाहेर रस्त्यावर आली. ओळ राहिली का?"

"नाही."

"मग काय एकमेकांच्या डोक्यावर बसली?"

"नाही बुवा."

"नाहीच बसत. कितीही गर्दी असली तरी माणूस शेजारच्यापासून हातभर लांब राहतोच. कुणी हातभर, कुणी दीड हात. ते अंतर किरणांना कळतं. पण सगळ्यांचं सारखं नाही, म्हणून सुळका येत नाही. असं पसरट टेकाड येतं." त्यांनी हवेत हाताने टेकाड काढलं. "लोक म्हणतात, यात काही रचनाच नाही. कशी नाही? रांग नसली तरी शेजार असतो, लेखकराव."

कार्बनच्या घरात तीन भाऊ आहेत, हेही मला तेव्हाच कळलं. थोरला हिरा. मधला ग्रॅफाइट, म्हणजे आपल्या पेन्सिलीतलं शिसं. हा सरळमार्गी, थरावर थर नीट रचून बसणारा. आणि धाकटा म्हणजे काजळी, कोळसा, राखुंडी. कुठल्याच ओळीत न बसणारा. जग थोरल्याच्या मागे लागलेलं असतं. ताईंनी अठ्ठावीस वर्षं धाकट्याची काढली. पाणी गाळायचा कोळसा, नारळाच्या करवंटीचा कोळसा, धुराड्याची काजळी, काचेसारखा चकाकणारा काळा कार्बन, सगळा अस्फटिकी गोतावळा त्यांच्या टेबलावरून गेला. प्रत्येकाचं टेकाड निराळं. टेकाड कुठे येतं त्यावरून शेजाऱ्यांमधलं अंतर कळतं, आणि किती पसरट आहे त्यावरून शेजार कुठवर पोचतो ते कळतं. ओळीत बसणाऱ्यांचा आलेख दहा मिनिटांत निघतो. या धाकट्याला चार-पाच तास लागतात. घाई केली की तो दिसतच नाही. "लाजरं पोर आहे," असं त्या म्हणायच्या.

खलातली भुकटी त्यांनी काचेच्या पट्टीवरच्या खाचेत भरली, दुसऱ्या पट्टीच्या कडेने सपाट केली, यंत्रात ठेवली, शिशाच्या काचेचं दार लावलं आणि कळ दाबली. त्याच क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. मी म्हणालो, "ताई, लहानपणाचं काहीतरी सांगा ना."

लहानपणाचं त्यांनी काही सांगितलं नाही. नोकरीचं सांगितलं, आणि ते मला आधी माहीत नव्हतं. संस्थेत त्यांची सदतीस वर्षं झाली होती. त्यातली पहिली नऊ वर्षं झाडूची. एकविसाव्या वर्षी त्या सफाईच्या कामावर लागल्या. या खोलीत तेव्हा एक म्हातारे तंत्रज्ञ होते, त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तर आलेखांचे कागद कुठेही टाकायचे. झाडताना या ते उचलून ठेवायच्या. एक दिवस मास्तरांच्या लक्षात आलं की टेबलावर कागदांचे दोन गठ्ठे आहेत, सुळक्यांचे एकीकडे आणि टेकाडांचे एकीकडे.

"हे कुणी लावलं?" मास्तरांनी विचारलं.

"मी. हे टोचणारे, हे लोळणारे," या म्हणाल्या.

मास्तरांनी त्यांना खुर्ची दिली. खुर्ची म्हणजे अक्षरशः खुर्ची. तोवर त्या खोलीत कधी बसल्या नव्हत्या. पुढे त्यांनी बाहेरून परीक्षा दिल्या, दोनदा नापास झाल्या, तिसऱ्यांदा पास झाल्या आणि मास्तर गेल्यावर यंत्र त्यांच्याकडे आलं. मास्तरांनी त्यांना नियम घालून दिले होते. फरशी ओल्या फडक्याने पुसायची; झाडू फक्त दाराबाहेरच्या पायरीसाठी, रोज सकाळी; तो वापरून झाला की खिळ्याला टांगायचा, जमिनीला टेकवायचा नाही. आणि परका माणूस खोलीत एकटा सोडायचा नाही. "माणूस म्हणजे चालतीबोलती धूळ," असं मास्तर म्हणत.

"आज सोडलं खरं तुम्हाला," ताई हसून म्हणाल्या. "पण तुम्ही काय परके?"

मी पण हसलो. ते हसू अजून मला आठवतं आणि जिभेवर कडू चव येते.

ती भुकटी साखऱ्याची होती. साखऱ्या म्हणजे आमच्याकडचा एक संशोधक, पस्तिशीचा, केस अकाली पांढरे झालेला. तीन वर्षं तो साखर जाळून कोळसा करत होता म्हणून हे नाव. साखरेचा कोळसा अतिशय हट्टी. कितीही तापवा, ओळीत बसत नाही. कमी आचेवर त्याला ओळीत बसवायची काहीतरी युक्ती साखऱ्याला सुचली होती, आठ महिने खपून त्याने ती एवढीशी कुपी भरली होती आणि दुसरी कुपी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई यायच्या आधीच साखऱ्याने यंत्रातून निघालेला कागद पाहिला आणि तो घेऊन धावतच संचालकांकडे गेला. लोळणाऱ्या टेकाडावर एक सुळका उभा होता. बरोब्बर जिथे ग्रॅफाइटचा यायला हवा तिथे.

अकरा वाजता बैठक. संचालक, साखऱ्या, ताई, आणि इतिवृत्त लिहायला मी. संचालक नवीन होते, उमेदीचे होते. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या डोळ्यांपुढे आधीच वर्तमानपत्र उघडलेलं होतं.

"ताई, बघा! बसला की नाही साखरेचा कोळसा ओळीत?"

ताईंनी कागद खिडकीकडे नेला. बराच वेळ पाहिला. मग डावीकडच्या उतारावर बोट ठेवलं. "हा दात कसला, साहेब?"

टेकाडाच्या उतारावर खरंच एक बारीकसा दात होता.

"यंत्र जुनं झालंय. थरथरलं असेल."

"थरथरलं तर सगळीकडे थरथरेल. एकाच जागी दात काढायला ते काय तान्हं मूल आहे?" त्या म्हणाल्या. "ही वाळू आहे. वाळूचा मोठा सुळका ग्रॅफाइटच्या सुळक्याला अगदी लागून येतो, भिंतीला भिंत लावून. आपल्या यंत्राला दोघं वेगळे दिसत नाहीत. पण वाळूला हा दुसरा दात असतो. ग्रॅफाइटला नसतो."

साखऱ्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलेलं मी पाहिलं. आणि माझ्या चेहऱ्यावरचं उतरलेलं कुणी पाहू नये म्हणून मी वहीत डोकं खुपसलं.

"निम्मी भुकटी जाळू द्या," ताई म्हणाल्या. "कोळसा जळून जाईल. वाळू जळत नाही. जे खाली उरेल ते उरेल."

"आठ महिन्यांचं काम जाळायचं? एका दातासाठी?" संचालकांचा आवाज चढला. "आणि वाळू येईल कुठून? याच्या भट्टीतून?"

इथे ताईंनी नुसती मान हलवली असती तरी त्या सुटत होत्या. भट्टीत काय पडतं आणि काय नाही, कोण बघायला जातं?

"भट्टीतून नाही," त्या म्हणाल्या. "याचं काम लख्ख आहे. मी तीन वर्षं बघतेय."

"म्हणजे तुमच्या खोलीतून?"

"हो."

"लिहून द्याल? तुमच्या टेबलावर नमुना खराब झाला म्हणून? तसं लिहून दिलंत तर जाळायला परवानगी देतो. नाहीतर हा सुळका मी खरा धरणार, आणि या आठवड्यात शोधनिबंध छापायला पाठवणार."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, माझं लिहून झालं का ते बघतायत. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. आणि त्यातून जे बाहेर पडलं ते असं होतं: "पाणी आणू का कुणाला?"

"नको," ताई म्हणाल्या. मग संचालकांकडे वळून, "देते लिहून."

त्या बैठकीचं इतिवृत्त माझ्या वळणदार अक्षरात आहे. "नमुना विवर्तन कक्षात दूषित झाल्याचे तंत्रज्ञांनी मान्य केले. जबाबदारी त्यांची." या दोन वाक्यांत मी एकही शुद्धलेखनाची चूक केलेली नाही.

निम्मी भुकटी चिनीमातीच्या बशीत घालून भट्टीत ठेवली. संध्याकाळी भट्टी उघडली तेव्हा काळं काही उरलं नव्हतं. आठ महिने वाऱ्यावर गेले होते आणि बशीच्या तळाशी चिमूटभर करडे-पांढरे कण होते. ताईंनी ते बोटांनी चोळले, कानाजवळ नेऊन त्यांची करकर ऐकली, मग साखऱ्याच्या तळहातावर ठेवले. तो स्टुलावर बसला.

"घरी सांगून बसलो होतो, ताई," तो म्हणाला. "आईला फोन केला. आईला कळलं काहीच नाही, पण रडली."

"छापून आल्यावर कळलं असतं तर?" ताई म्हणाल्या. "जगभर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. पुन्हा सांगा आईला. म्हणावं, टेकाड आहे. टेकाडावरही लिहिता येतं, पण खरं लिहावं लागतं."

तो उठून गेला. पुढे त्याने पुन्हा साखर आणली, पुन्हा जाळायला घेतली. त्याचं टेकाड निघालं ते टेकाडच निघालं.

मला वाटलं, झालं, मिटलं. पण कार्यालयात काम केलेल्या माणसाला ठाऊक असतं की लिहिलेलं मिटत नाही. दोन आठवड्यांनी वरून पत्र आलं आणि ताईंच्या सेवापुस्तकात शेरा पडला: "निष्काळजीपणा." सदतीस वर्षांचं पुस्तक, आणि तो त्यातला पहिला शेरा. चहाच्या वेळी आमच्यातला एकजण बशीत चहा ओतत म्हणाला, "काही म्हणा, शेवटी झाडूवालीच ती." कुणी हसलं नाही. कुणी काही बोललंही नाही. मी चहात साखर ढवळत राहिलो. साखर मी चहात घेत नाही.

पैसा नाही, पदवी नाही. ताईंची एकच कमाई होती. त्यांच्या खोलीतून निघालेला कागद कुणी दुसऱ्यांदा तपासून मागत नसे. आता मागायला लागले. कुणी म्हणे एक नमुना बाहेरही पाठवू, कुणी म्हणे खल जरा माझ्यासमोर धुवा. त्या धुवायच्या. "पाठवा की बाहेर," म्हणायच्या, "बाहेरही टेकाडच दिसणार." पण आवाजात आधीची फोडणी नव्हती. मी दोन-तीनदा लेखासाठी म्हणून गेलो. दर वेळी बूट बाहेर काढले. दाराशेजारचा खिळा रिकामा होता आणि झाडू कपाटाआड मी ठेवला होता तसाच, तोंड जमिनीला टेकवून, उभा होता. मला ते दिसलं, पण कळलं नाही. ताई आताशा पायरीही ओल्या फडक्यानेच पुसत असाव्यात, एवढंच मनात आलं.

निरोपाला चार दिवस राहिले होते आणि माझ्या लेखाचं एक अक्षर कागदावर नव्हतं. शेवटी घरगुती माहिती मिळवायच्या निमित्ताने त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, तिसरा मजला, जिना चढताना कठड्याला हात लावला तर हाताला धूळ लागली नाही. ताई दुकानात गेल्या होत्या. त्यांचे यजमान घरी होते. ते शिवणयंत्रं दुरुस्त करतात. पुढची खोली म्हणजे यंत्रांचं इस्पितळच, कुणाचं चाक काढलेलं, कुणाची सुई वाकडी. ताईंचे यजमान म्हणून मी त्यांना दाजी म्हणतो.

"या लेखकसाहेब. सवतीबद्दल विचारायला आलात ना?"

"सवत?"

"ते यंत्र हो! अठ्ठावीस वर्षं माझी सवत आहे ती. सवत असलेला जगातला पहिला नवरा मी. हे लिहा, लोक हसतील."

मी हसलो, लिहून घेतलं. दाजींनी हातातला स्क्रू तेलात बुडवला, फडक्याने पुसला. मग म्हणाले, "एक गोष्ट मात्र लिहू नका. ती हल्ली घरी आली की फरशी पुसते. पुसून झाली की पुन्हा पुसते. परवा मी म्हटलं, अगं, चेहरा दिसतोय आता त्यात. तर म्हणाली, दिसत असेल, पण खात्री नाही." त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. "नऊ वर्षं लोकांची घाण काढली तिने, कुणाची हिंमत झाली नाही तिला घाणेरडी म्हणायची. आणि आता जाता जाता लिहून ठेवलं पुस्तकात."

मी वही मिटली. दाजींना वाटलं, मी त्यांचा मान राखून मिटली. त्यांनी मला चहा दिला आणि मी तो घेतला, कारण त्या घरात नाही म्हणायचाही अधिकार आपल्याला उरलेला नाही असं मला वाटलं.

त्या रात्री लेखाऐवजी मी एक अर्ज लिहिला. त्यात विनोद नव्हता. अर्जात विनोद नसावा हे मला पहिल्यांदाच आपोआप जमलं. सकाळी तो संचालकांपुढे ठेवला. कोपर, कुपी, झाडू, बूट, फाटकाजवळची वाळू, सगळं. त्यांनी तो दोनदा वाचला.

"ते इतिवृत्त तुमच्याच अक्षरात आहे ना हो?"

"हो."

"आणि ही वाळूही तुमचीच?"

"हो, साहेब."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मी त्यांच्याकडून लिहून घेतलं. विचारलं नाही, लिहून घेतलं. तो शेरा काढायला पत्र आजच पाठवतो. पण कागद वर जायला दोन आठवडे लागतात, खाली यायला किती लागतील सांगता येत नाही. त्या निवृत्त होतील तेव्हा शेरा पुस्तकात असेल." माझ्यावर काय कारवाई करायची ते नंतर ठरवू म्हणाले. ठरवलंही. ते मला मिळायला हवं होतं आणि मिळालं, त्याबद्दल इथे लिहिण्यासारखं काही नाही.

तिथून थेट विवर्तनाच्या खोलीत गेलो. बूट बाहेर काढले. ताई मास्तरांच्या वेळचे जुने कागद बांधत होत्या. टोचणारे एकीकडे, लोळणारे एकीकडे. मी कशालाही न टेकता उभा राहिलो.

"ताई, ती कुपी मी पाडली होती."

त्यांनी दोरीची गाठ मारली. दुसरी दोरी घेतली.

"फरशीवर सांडली, मी झाडून पुन्हा भरली. पायात बूट होते. तुम्ही पंपाकडे गेला होतात तेव्हा. साहेबांना आत्ता लिहून देऊन आलोय. शेरा निघेल, पण वेळ लागेल म्हणाले. तुमच्या निरोपापर्यंत नाही निघणार. माझ्यामुळे."

ताईंनी हातातला गठ्ठा खाली ठेवला आणि त्या खिळ्याकडे पाहायला लागल्या. मी पण पाहिलं. मग त्यांची नजर कपाटाआड गेली. माझी तिच्या मागोमाग गेली आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

झाडू सात आठवडे तिथेच होता. जी बाई खलाचा दांडा तसूभर तिरका राहू देत नाही, तिने तो झाडू तोंड जमिनीला टेकवून सात आठवडे तसाच राहू दिला होता. बैठकीच्या दिवशी सकाळी पायरी झाडायला त्यांनी हात वर केला असेल आणि हाताला खिळा लागला असेल. आदल्या दिवशी या खोलीत त्यांच्याशिवाय कोण एकटं होतं, हे शोधायला क्ष-किरणांची गरज नव्हती. कागद तोवर साखऱ्याने नेला होता. अकरा वाजता त्या संचालकांपुढे उभ्या राहिल्या तेव्हा वाळू कुठून आली ते त्यांना ठाऊक होतं. माझ्याकडे पाहिलं तेव्हाही. मी पाणी आणू का विचारलं तेव्हाही. त्या दिवसापासून रोज सकाळी त्या खोलीत येत होत्या, त्या झाडूशेजारून जात होत्या आणि त्याला हात लावत नव्हत्या. मी तीनदा येऊन गेलो, वहीत त्यांचे किस्से उतरवून घेतले, हसलो, गेलो. झाडू तिथेच.

मी म्हणालो, "ताई, तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग माझं नाव का नाही घेतलंत? इतके दिवस एका शब्दाने तरी मला का नाही बोललात?"

ताईंनी पुढचा गठ्ठा ओढला, कागदांच्या कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या आणि वर न बघता म्हणाल्या,

"तो झाडू उचला आणि खिळ्याला लावा."